पिकलेला ॲव्होकाडो आणि आमच्या विहीणबाई

पिकलेल्या ॲव्होकाडोची खरी कदर असलेली अख्ख्या पुण्यात एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझी विहीण आहे. बाकीचं पुणं ॲव्होकाडो विकत घेतं, दोन दिवस टेबलावर शोभेला ठेवतं आणि तिसऱ्या दिवशी तो मऊ पडला की "खराब निघाला" म्हणून माझ्याकडे भांडायला येतं. मी कर्वेनगरात फळं विकते. आधी डोक्यावर पाटी होती, मग हातगाडी आली, मग गाळा. या पायऱ्या मी कुणाच्या ओळखीने नाही, तोंडाच्या जोरावर चढले. मार्केट यार्डातले आडते मला लांबून येताना बघून आधी चहा सांगतात, कारण माझा भाव ठरेपर्यंत दोन चहा होतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. अशा बाईला "अहो विहीणबाई, तुम्हाला ॲव्होकाडो कळतच नाही" असं तोंडावर सांगणारी व्यक्ती जगात एकच आहे. तिच्याशी मला धड भांडताही येत नाही, कारण तिची मुलगी माझ्या घरात सून आहे आणि, खोटं कशाला बोलू, सून चांगली आहे.

विहीणबाई शनिवार पेठेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. यजमान मुलीच्या लग्नाआधीच गेले. त्या स्वतः एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा प्रयोगशाळा कॉलेजने ठेवून घेतली, पण प्रयोग बाई घरी घेऊन आल्या. स्वयंपाक करताना आजही त्या पांढरा कोट घालतात. मिठाच्या बरणीवर नाव आणि तारीख असते, लिंबाचा रस ड्रॉपरने मोजून पडतो आणि उकळत्या चहाकडे त्या अशा बघतात, की चहाची हिंमत होत नाही उतू जायची. त्यांच्या ओट्यावर वेताची एक टोपली आहे. तिच्यातल्या प्रत्येक ॲव्होकाडोला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते: "आज", "उद्या", "परवा". एकदा मी "उद्या"वाला सहज उचलून बघितला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "त्याला उद्यापर्यंत कुणी भेटायचं नाही." फळ पिकलंय की नाही हे बघायला लोक अंगठ्याने दाबतात आणि माझ्या मालाला खड्डे पाडतात. विहीणबाई दाबत नाहीत. देठाचं बोंड नखाने अलगद उडवतात, खालचा रंग बघतात आणि निकाल देतात. ही युक्ती मी त्यांच्याकडूनच उचलली, आणि आता गिऱ्हाइकांना माझी म्हणून सांगते. धंद्यात एवढं चालतं.

त्या या फळाचं काय काय करतात हे सांगायला बसले तर दुकान बंद करायची वेळ येईल. थालिपिठाच्या भाजणीत तेलाच्या मोहनाऐवजी त्या पिकलेला ॲव्होकाडो मळतात. थालिपीठ इतकं मऊ होतं, की दात नसलेल्यांनी रांग लावावी. दह्यात कुस्करून, वर हिरव्या मिरचीची फोडणी देऊन कोशिंबीर करतात. चक्क्यात फेटून हिरवं श्रीखंड करतात. कोथिंबीर-लिंबाबरोबर वाटून त्याची चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतात आणि लागेल तसा एकेक ठोकळा काढतात. गर संपला म्हणून फळ संपत नाही. साल आतून चपलांच्या पट्ट्यांवर घासली की चामडं चकचकीत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी बघितलं, होतं. जास्तच पिकलेला गर त्या केसांना लावतात, त्याहून पिकलेला टाचांना लावतात आणि पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून दोन तास बसतात. त्या दोन तासांत सिलिंडरवाला आला, कुरिअरवाला आला, तरी बाई पिशव्यांसकट दारात जातात. कुरिअरवाल्याने एकदा घाबरून विचारलं, "आजी, भाजलं का?" तर म्हणाल्या, "भाजलं नाही. मुरतंय."

बिया तर त्या जन्मात टाकत नाहीत. निम्म्या बियांना काड्या टोचून, पाण्याच्या ग्लासांवर तोलून खिडकीत ठेवतात. त्या इमारतीत असं एक घर नाही जिथे विहीणबाईंनी दिलेलं रोप नाही, आणि असं एक रोप नाही ज्याला फळ आलंय. उरलेल्या बिया आणि साली उकळून त्या कापड रंगवतात. हिरव्या फळातून रंग निघतो फिका गुलाबी, अबोलीच्या जवळचा. पहिल्या संक्रांतीला त्यांनी त्याच रंगात बुडवलेला ब्लाउजपीस घालून माझी ओटी भरली. मी मुलाची आई, रीतीने बघायला गेलं तर मान माझा. मी कापड बोटांत चोळलं, माझी ती सवयच, आणि विचारलं, "रंग धुण्यात जाणार तर नाही?"

"तेच बघायचंय," विहीणबाई म्हणाल्या. "धुवा आणि कळवा."

दर गुरुवारी त्यांचा डबा येतो. सून माहेरी जाऊन येते आणि डबा घेऊन येते. डब्यात नवा प्रयोग असतो आणि झाकणाखाली माणशी एक घडी घातलेला कागद. कागदावर छान अक्षरात लिहिलेलं असतं: "चव कशी आहे ते लिहून पाठवावे." नुसतं "आवडलं" लिहिलं तर कागद परत येतो. एकदा त्यांनी ॲव्होकाडोचं शिकरण पाठवलं, दूध-साखर-वेलची सगळं रीतसर, रंग तेवढा शेवाळाचा. माझ्या मुलाने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं, "गोड. थोडं साबणासारखं." मला वाटलं, आता सासू-जावयाचं बिनसणार. अर्ध्या तासात फोन आला. बाई खूश होत्या. "जावईबापू, साबण म्हणजे कोणता? अंगाचा की कपड्यांचा?" मुलगा विचार करून म्हणाला, "अंगाचा, आई." पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला.

आणि एकदा, त्यांच्याच घरी, त्यांनी ॲव्होकाडोची आमटी केली. हे फळ उकळलं की कडू होतं हे मला धंद्यामुळे माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. पहिल्या घोटाला माझ्या मुलाचे डोळे मोठे झाले. सून पाणी प्यायली. मी वाटी पुढे सरकवली. विहीणबाईंनी मात्र शांतपणे अख्खी वाटी संपवली, आणखी अर्धी घेतली आणि मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं?"

"आई, कडू झालीये," सून म्हणाली.

"किती? मेथीइतकी की कारल्याइतकी?"

"कारलं परवडलं."

बाईंनी उठून वही काढली आणि लिहिलं, "शिजवू नये." मला तेव्हा वाटलं, काय घमेंड आहे! स्वतःच्या हातचं आहे म्हणून विषही गोड मानून घेतील.

आता माझी तक्रार सांगते. तशी मी ती मार्केट यार्डात, दुकानात, रिक्षात, जिथे मिळेल तिथे सांगितलेली आहे. लग्नाला तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत विहीणबाईंनी माझ्या घरी पाण्याशिवाय काहीही तोंडात घातलं नाही. बोलणी करायला पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी स्वतः पुरणपोळ्या लाटल्या होत्या. माझ्या पुरणपोळीसाठी लोक पत्ता शोधत येतात. विहीणबाईंनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी जेवून आलेय." पाडव्याला त्यांचं पोट ठीक नव्हतं. पुढच्या खेपेला एकादशी होती. मी दुकानात जाऊन दिनदर्शिका बघितली, एकादशी होऊन चार दिवस झाले होते. फळ मात्र घेत. मी निवडून दिलेला पेरू, डाळिंब, ॲव्होकाडो पिशवीत घालून घरी नेत. म्हणजे माझ्याकडचं कच्चं चालतं, शिजवलेलं चालत नाही. याचा अर्थ काय होतो ते मला कुणी शिकवायला नको. पाटी डोक्यावर घेऊन मी शनिवार पेठेत जिने चढलेय. "पाटी बाहेरच ठेवा" आणि पाणी मागितलं की "ओंजळ पुढे करा" ही दोन्ही वाक्यं मी तिथेच ऐकलीत.

सुनेला एकदा विचारलंच. म्हटलं, "तुझ्या आईला आमच्याकडचं जात नाही का?"

"आई तशी नाहीये हो," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

"मग कशी आहे?"

"मलाही कळत नाही. तिचं काहीतरी असतं."

तेव्हापासून मी एक केलं. दर गुरुवारचा डबा खायचा, कारण अन्नाशी माझं वैर नाही. डबा घासून, रिकामा पाठवू नये म्हणून त्यात एखादं फळ घालायचं. पण तो चवीचा कागद कोरा पाठवायचा. एक अक्षर लिहायचं नाही. तुम्ही माझं चाखत नाही, तर तुमच्या हातची चव मी का सांगू? मुलगा लिहायचा, सून लिहायची, माझा कागद कोरा जायचा. विहीणबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि पुढच्या गुरुवारी नवा कागद यायचाच. त्याचा मला जास्तच राग यायचा.

या रागातच माझ्याकडून ती चूक झाली. यार्डात एका आडत्याकडे ॲव्होकाडोचा मोठा लॉट आला होता, दगडासारखा टणक. घ्यायला कुणी नव्हतं. मी त्याला घासून घासून असा खाली आणला, की शेवटी तो हसायला लागला. आडत्या हसला की सावध व्हायचं, हे मी इतरांना शिकवते. पण त्या दिवशी मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. माल घरी आणला आणि आंब्याची घालते तशी आढी घातली. मागच्या खोलीत भाताचा पेंढा, त्यावर फळांचा थर, पुन्हा पेंढा, वर गोणपाट, आणि पिकायला जोर यावा म्हणून मध्ये केळ्याचे दोन घड. आंबा शहाणा असतो. आज चार, उद्या दहा असा पाळीपाळीने पिकतो आणि आपल्याला विकायला सवड देतो. ॲव्होकाडोला रांगेत उभं राहायची शिस्तच नाही. चार दिवस गोणपाट उचलून बघितलं, सगळे दगड. सहाव्या दिवशी सकाळी उचललं, तर सगळेच्या सगळे काळे आणि लोण्यासारखे मऊ. एकाही फळाने मागे राहण्याचा समजूतदारपणा दाखवला नव्हता.

मऊ ॲव्होकाडो कुणी घेत नाही. मी डोक्याला हात लावून बसले, आणि मग मला सूड सुचला. सगळे क्रेट टेम्पोत भरले, मुलाला वर बसवलं आणि शनिवार पेठेत पाठवून दिले. निरोप दिला, "तुम्हाला पिकलेलंच आवडतं ना? हे घ्या." मनात म्हटलं, बसा आता चिठ्ठ्या चिकटवत.

दोन तासांनी फोन आला. विहीणबाईंचा आवाज भरून आला होता. "विहीणबाई, इतकं मला आजवर कुणी ओळखलं नाही." मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिले. पुढची हकिगत मुलाने सांगितली. बाईंनी कोट चढवला आणि सगळी इमारत कामाला लावली. पहिल्या मजल्यावर लिंबं पिळणं, दुसऱ्यावर गर काढणं, जिन्यात बिया धुणं. घराघरातले बर्फाचे ट्रे जप्त झाले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर चटणी वाटत होते आणि त्यांना "अजून बारीक" असं सुनावलं जात होतं. तीन दिवस त्या इमारतीत दुसरं काही शिजलं नाही. माझा मुलगा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याचे हात इतके मऊ झाले होते, की त्याला दाराची कडी लागेना. सोबत पिशवी होती, पिशवीत नव्वद थालिपिठं आणि कागदांची चळत. अख्ख्या इमारतीने चव लिहून दिली होती. माझ्यासाठी तेवढा वर एक कोरा ठेवला होता.

सुनेला सातवा लागला आणि डोहाळजेवणाची वेळ आली. मी जाहीर केलं, जेवण माझ्या घरी. विहीणबाईंना फोन केला आणि आडपडदा न ठेवता म्हटलं, "या वेळी पंगतीत बसावं लागेल. तुमच्या मुलीचं डोहाळजेवण आहे. तुम्ही पाण्यावर उठलात तर चार लोकांत माझी शोभा होईल, आणि पोरीला वाटेल ते वेगळंच."

पलीकडून आवाज आला, "मी वाढायला येईन."

वाढायला! मी फोन ठेवला, दुकान मुलावर सोडलं आणि रिक्षा पकडली. वाटेत रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायलाही विसरले, यावरून माझ्या रागाची कल्पना यावी. दार उघडताच मी सुरू झाले. "मी पाटीवाली आहे. होते आणि आहे. लपवलं कधी? तुम्हाला माझ्या हातचं चालत नसेल तर तसं तोंडावर सांगा, एकादश्या कशाला काढता? पोर माझ्या घरात दोन वेळा जेवते ती बाटली का?"

विहीणबाई कोपरापर्यंत हिरव्या झाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा. हात धुऊन येते. या हातांनी मला धड भांडता येणार नाही."

मी बसले. समोर टेबलावर ती वही उघडी होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण दुसऱ्याचा भाव वाचल्याशिवाय धंदा होत नाही. मी वाचली. प्रत्येक पदार्थाखाली रकाने होते. रंग: दोन ओळी. मऊपणा: चार ओळी. दाताखाली कसं लागलं, जिभेवर गार की कोमट, घशाखाली उतरताना काय वाटलं, सगळं बारीक अक्षरात. मग यायचा चवीचा रकाना. तिथे त्यांचं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. "चव (जावईबापू): अंगाच्या साबणासारखी." "चव (लेक): आंबटगोड." "चव (वॉचमन): आमच्याकडे असं नसतं." मी पानं उलटत गेले. तीन वर्षांची पानं. सगळीकडे दुसऱ्याची जीभ. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर शेवटी, "चव (विहीणबाई):" आणि पुढे मोकळी जागा. जागा सोडलेली होती. खाडाखोड नाही, रेघ मारलेली नाही. मी कधीतरी लिहीन म्हणून.

त्या हात पुसत बाहेर आल्या. मी विचारलं, "तुमच्या जिभेला काय झालंय?"

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. "करोनात गेली. आधी वास गेला, मग चव गेली. लोकांची महिन्याभरात परत आली. माझी बहुतेक पत्ता विसरली."

"सुनेला माहीत नाही?"

"रोज विचारायची, आली का, आली का. जसं काही मनीऑर्डर यायची आहे. शेवटी एक दिवस सांगून टाकलं, आली म्हणून. पोर रडली हो आनंदाने. मग ते मागे कसं घेणार?"

"आणि माझ्याकडे जेवायला काय झालं होतं?"

"तुम्ही पुरणपोळी केली होतीत," विहीणबाई म्हणाल्या. "वाढलीत आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलात. मी काय म्हणणार होते? न कळलेल्या गोष्टीला छान म्हणता येत नाही मला, आयुष्यभर निरीक्षणं लिहिलीत. आणि पुठ्ठ्यासारखी लागतेय म्हटलं असतं, तर तुम्ही तिथेच लग्न मोडलं असतंत."

मोडलं असतं. मी स्वतःला ओळखते.

"मग हा ॲव्होकाडो?"

"त्याला मुळात चव कुठे आहे?" त्या पहिल्यांदा हसल्या. "सगळी मजा त्याच्या मऊपणात. बाकी काहीही खाताना मी बाहेर उभी असते, तुम्ही सगळे आत. हे एकच फळ असं आहे, की खाताना मी तुमच्या बरोबरीने बसते."

तीन वर्षं जपलेला राग हातात होता आणि ठेवायला जागा नव्हती. मग मला येतं तेच मी केलं. भाव करायला बसले. म्हटलं, "पंगतीत बसायचं. छान म्हणायचं नाही."

"तोंडाकडे बघायचं नाही."

"नाही बघणार. पण पानात टाकायचं नाही."

"आग्रह करायचा नाही."

"दोनदा तरी."

"एकदा."

"बरं, एकदा. आणि पोरीला तुम्ही स्वतः सांगायचं. उद्याच."

"तिला आत्ता त्रास नको. बाळ शाळेत जायला लागल्यावर."

"बारशाला."

"वर्षाचं झाल्यावर."

"बारशाला," मी म्हटलं, "नाहीतर मी आत्ता फोन लावते." विहीणबाईंनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आडत्यांची दया येते हो." सौदा ठरला.

चार दिवस मी एकाच गोष्टीचा विचार केला. ज्याला चव नाही त्याला जेवू काय घालायचं? धंद्याचा प्रश्न होता. गिऱ्हाईक आहे, पण माझा माल त्याच्या कामाचा नाही. मग वहीतले बाकीचे रकाने आठवले. मऊ, कडक, गार, गरम. डोहाळजेवणाला बाकी सगळं रीतसर होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच तऱ्हेची पक्वान्नं. पण विहीणबाईंच्या पानात मी वेगळं वाढलं. तव्यावरून थेट काढलेली, मोडली की आवाज होणारी पातळ बाजरीची भाकरी. तिच्यावर पिकलेला गार ॲव्होकाडो, आणि त्यात कुटलेला आमच्याकडचा ठेचा, हिरवी मिरची, लसूण, जाडं मीठ, शेंगदाण्याचा भरड कूट. शेजारी कुरडई आणि बर्फासारखं थंड ताक. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी तोंडाकडे बघितलं नाही. समोरच्या घासलेल्या तांब्यात त्यांचं तोंड दिसत होतं, त्याला मी काय करणार?

पहिला घास मोडताना त्यांनी कान दिला. दुसऱ्या घासाला थांबल्या. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाण्याची धार लागली, नाक लाल झालं. सुनेने घाबरून विचारलं, "आई, काय झालं गं?"

"तिखट आहे," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा काही होता, की मीच वळून बघितलं. "खूप तिखट आहे." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "ही चव नव्हे हो. शास्त्राप्रमाणे हे नुसतं भाजणं आहे."

"असू दे. कळलं ना?"

"कळलं." त्यांनी नाक पुसलं आणि पान पुढे केलं. "अजून एक भाकरी घालता का?"

आग्रह एकदाच करायचा ठरला होता. तोही करायची वेळ आली नाही.

नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, शनिवार पेठेत. बारशाच्या दिवशी सकाळीच विहीणबाईंनी मुलीला सगळं सांगून टाकलं. मी आतल्या खोलीत मुद्दाम भांडी वाजवत बसले. पोर आधी रडली, मग आईला असं काही झापलं, की मला वाटलं, माझ्या घरात राहून बरंच शिकली. विहीणबाईंशी माझं भांडण अजून होतं, नाही असं नाही. तीन वर्षं मला उगाच जाळलं त्याबद्दल मी त्यांना पुरतं माफ केलेलं नाही आणि तसं त्यांना सांगितलंही आहे. त्या म्हणतात, "घाई नको, सावकाश."

पाहुणे गेल्यावर दुपारी घर शांत झालं. सून झोपली होती. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं, नुकतंच न्हाऊन, धुरी घेऊन, दुपट्यात गुंडाळलेलं. त्यांनी वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं. बराच वेळ तशाच राहिल्या. मग मान वर केली आणि दोन्ही हातांनी बाळ माझ्यापुढे धरलं.

मी टाळूवर नाक ठेवलं. आयुष्यभर मी लोकांना वास आणि चव सांगत आलेय, हापूसचा, पेरूचा, सीताफळाचा, आणि त्यात निम्मं खोटं असायचं, कारण माल खपवायचा असायचा. इथे काहीच खपवायचं नव्हतं.

"दुधाचा येतोय," मी म्हटलं. "आणि तेलाचा. ओव्याच्या धुराचा, अगदी थोडा."

विहीणबाईंनी डोळे मिटले होते. "आणि?"

"थांबा," मी म्हटलं, आणि पुन्हा वाकले.